विजापूरचे पाणी आणि आपली गावे



स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहा, असा निरोप आला तेव्हा प्रथम मनात आले ते नेहमीचेच विषय : लढाया, तह, वंशावळी. परंतु ते आपण परीक्षेपुरते भरपूर वाचलेले असते. म्हणून यंदा एका विद्यार्थ्याने मला विचारलेल्या, आणि त्यावेळी मला ज्याचे उत्तर देता आले नाही, अशा एका प्रश्नावर लिहावयाचे ठरविले आहे.

या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. माळशिरसहून पंढरपूर-मंगळवेढा मार्गे आम्ही मुलांची सहल विजापूरला नेली होती. गोल घुमटाच्या कोपऱ्यातील सात मजली मनोऱ्याचा जिना चढून सगळी मुले सज्जात गेली आणि तेथे जे होते तेच झाले. एकाने भिंतीशी तोंड नेऊन कुजबुज केली, दुसऱ्याने समोरच्या बाजूला ती ऐकली, आणि मग अर्धा तास नुसता गलका. मी घसा ताणून माहिती सांगत होतो. घुमटाचा आतील व्यास सुमारे 124 फूट. खाली एकही खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या कमानींवर सारा भार तोलून धरलेला. एक मुलगा मात्र बाहेरच्या बाजूला उभा राहून शहराकडे पाहत होता. तो म्हणाला, "सर, एवढ्या मोठ्या शहराला पाणी कोण घालीत होते?"

मुले हसली. मी म्हणालो, "विहिरी होत्या, बाळ." त्याचे समाधान झाले नाही. त्याचे आजोबा सोलापुरात पखालीचे काम करीत. रेड्याच्या पाठीवर चामड्याची पखाल टाकून विहिरीवरून पाणी आणावयाचे आणि घरोघर रांजण भरावयाचे, हा त्यांचा धंदा. मुलाचा हिशेब साधा होता. दिवसभर खेपा घालूनही आजोबांना एखाददुसरी गल्लीच पुरी पडे. मग या तटाच्या आतील सगळ्या गल्ल्यांना किती पखाली लागत असतील, आणि तेवढे पाणी असलेली विहीर कोठे होती? मला उत्तर देता आले नाही. परत आल्यावर मी शोध सुरू केला. त्यातून जे हाती लागले ते येथे आपणापुढे ठेवीत आहे.

विजापूर (2014 पासून अधिकृत नाव विजयपूर) आज कर्नाटकात असले तरी आपल्या मुलखाशी त्याचा संबंध जुना आहे. सोलापूरच्या किल्ल्यासाठी निजामशाही आणि आदिलशाही पिढ्यान्पिढ्या भांडल्या. अहमदनगरच्या चांदबीबीचा विवाह विजापूरच्या पहिल्या अली आदिलशाहाशी झाला तेव्हा हेच सोलापूर तिच्या हुंड्यात गेले. हवापाणीही आपल्यासारखेच. भीमा उत्तरेला दूर, कृष्णा दक्षिणेला दूर, आणि मधल्या उघड्या माळावर हे शहर. पाऊस बेभरवशाचा. अशा जागी 1490 च्या सुमारास यूसुफ आदिलशाहाने राजधानी केली आणि पुढे जवळजवळ दोनशे वर्षे ती वाढत गेली.

खरी वाढ झाली ती 1565 नंतर. राक्षसतागडीच्या लढाईत विजयनगरचा पाडाव झाला आणि विजापूरचा दरबार एकदम श्रीमंत झाला. अली आदिलशाहाने शहराभोवती सुमारे 10 किलोमीटर परिघाचा तट बांधविला. तटाचा एकेक तुकडा एकेका सरदाराकडे सोपविला होता, असे सांगतात. म्हणूनच त्याचे काम सगळीकडे सारखे नाही. याच अलीच्या कारकीर्दीत जामा मशीद उभी राहिली, गगन महाल झाला. आणि 1579 मध्ये एक मोठी बारव बांधली गेली, तिला चांदबीबीचे नाव दिले : चाँद बावडी. आपल्या सोलापूरचा हुंडा घेऊन गेलेल्या राणीचे नाव विजापुरात एका पाण्याच्या जागेला मिळाले, हे मला फार आवडते. तिचा अहमदनगरच्या तटावरील पराक्रम पाठ्यपुस्तकात असतो. बावडी नसते.

पुढे दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, 1620 मध्ये, मक्का दरवाजाच्या आत ताज बावडी झाली. प्रचंड कमान, दोन बाजूंना अष्टकोनी बुरूज आणि मध्ये तळ्याएवढे पाणी. प्रवासी दरवाजातून आत आला की प्रथम त्याला पाणी दिसावे, अशी ही योजना होती. मधल्या काळात ही बावडी गाळाने आणि कचऱ्याने भरून गेली होती. अलीकडच्या वर्षांत ती उपसून साफ केली गेली.

परंतु नुसत्या बावड्यांवर एवढे शहर जगत नव्हते. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर जमिनीखाली होते.

शहराच्या पश्चिमेला पाच-सहा किलोमीटरवर तोरवी नावाचे गाव आहे. तेथून शहराकडे जमिनीखालून बोगदा खणून पाणी आणलेले होते. ही रीत इराणकडची, तिला कारेझ किंवा कनात म्हणतात. उंच जागी जमिनीत मुरलेले पाणी शोधावयाचे आणि तेथून अगदी हलका उतार देत बोगदा शहराकडे न्यावयाचा. न मोट, न रहाट. पाणी आपल्या वजनाने चालत येते. उतार जास्त झाला तर पाणी बोगदा खाऊन टाकते, कमी झाला तर गाळ साचून तुंबते. ठरावीक अंतरावर वरून उभी विवरे सोडलेली असतात. खणताना त्यातून माती बाहेर काढावयाची, आणि पुढे त्यातूनच माणूस उतरून गाळ काढावयाचा. आपण पुण्याला गेला असाल तर पेशव्यांनी अठराव्या शतकात कात्रजहून आणलेल्या पाण्याच्या नळाचे 'उच्छ्वास' ऐकले असतील. तीच जात.

दुसरी सोय दक्षिणेकडून. गोल घुमट ज्याने बांधला त्या मुहम्मद आदिलशाहाच्या कारकीर्दीतच, 1651 मध्ये, शहराच्या दक्षिणेस बेगम तलाव झाला. तेथून भाजलेल्या मातीचे नळ चुन्याच्या बांधकामात पक्के बसवून जमिनीखालून शहरात आणले. आणि आता त्या वस्तूकडे येऊ, जिच्याजवळून आमची सहलीची गाडी गेली आणि जी मी मुलांना दाखविली नाही. तिचे नाव गंज. लोखंडावर चढतो तो गंज नव्हे. विजापुरात पाण्याच्या मनोऱ्याला गंज म्हणतात. चौकोनी, दगडी, उंच आणि नक्षीविरहित असे हे मनोरे शहरात अजूनही उभे आहेत. कोणी त्यांच्यापुढे उभे राहून फोटो काढीत नाही.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी येथे लक्ष द्यावे. बंद नळातून उंचावरचे पाणी खाली येते तेव्हा नळात दाब वाढत जातो. लोखंडी नळ तो सोसतो, मातीचा नळ सांध्यावर फुटतो. म्हणून मध्ये मध्ये मनोरा उभारून पाणी त्यात वर चढू द्यावयाचे. पाणी आपली पातळी शोधते, त्यामुळे पंपावाचून ते वरच्या हौदापर्यंत चढते. तेथे ते उघड्या हवेत आले की नळातला जादा दाब मोकळा होतो, पाणी संथ होऊन गाळ खाली बसतो, आणि मग वेगवेगळ्या मोहल्ल्यांचे नळ तेथून सोडता येतात. कोठे बिघाड झाला तर तेवढाच भाग बंद करून दुरुस्ती करता येते. आपल्या गावातील पाण्याची उंच टाकी बरेचसे हेच काम करते; फरक एवढाच की तिच्यात पाणी चढविण्यासाठी आपल्याला वीज लागते, आणि वीज गेली की आपण टाकीकडे पाहत बसतो.

माझ्या मते गोल घुमट ही विजापूरची सर्वांत मोठी इमारत असेल, परंतु ते विजापूरचे सर्वांत मोठे काम नव्हे. एका मृत बादशहासाठी घुमट बांधता येतो. तो बांधणाऱ्या हजारो गवंड्यांना, पाथरवटांना, चुन्याच्या घाणीवर राबणाऱ्यांना रोज पाणी मिळाले नसते तर त्याचा पायाही वर आला नसता. चुना भिजवावयालाच किती पाणी लागत असेल, ते ज्यांच्या घरी गवंडीकाम आहे त्यांना मी सांगावयास नको.

पाण्यावाचून केवळ हौसेने शहर वसत नाही आणि संरक्षणावाचून टिकत नाही, याचाही दाखला येथेच मिळतो. दुसरा इब्राहिम आदिलशाह संगीताचा आणि कलांचा मोठा शौकीन. त्याने 1599 मध्ये तोरवीजवळ, पाण्याच्या उगमाशीच, नवे शहर वसवावयास घेतले. नाव नौरसपूर. महाल झाले, अमीर-उमरावांच्या हवेल्या झाल्या. पण तट पुरा झाला नाही. 1624 मध्ये भातवडीच्या लढाईनंतर निजामशाहीचा वजीर मलिक अंबर विजापूरवर चालून आला आणि त्याने हे अर्धेमुर्धे शहर लुटून उद्ध्वस्त केले. आज तेथे संगीत महालाचे अवशेष आहेत.

आता गंमत पाहा. ज्या मलिक अंबरने नौरसपूर मोडले, तो स्वतः शहर वसविण्यात आणि पाणी आणण्यात दख्खनमध्ये कोणाला हार जाणारा नव्हता. हबशाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस स्वतःच्या कर्तृत्वावर निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. त्याने 1610 मध्ये खडकी या खेड्याच्या जागी नवी राजधानी वसविली. तिलाच पुढे फतेहनगर, 1653 पासून औरंगाबाद आणि 2023 पासून छत्रपती संभाजीनगर असे म्हणू लागले. खडकीत त्याने महालांबरोबर पाण्याचेही काम हाती घेतले. उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याचे पाणी भूमिगत बोगद्याने शहरात आणले : नहर-ए-अंबरी. अंबर 1626 मध्ये वारला, निजामशाही 1636 मध्ये संपली, मोगल आले, निजाम आले, आणि नहर पाणी देतच राहिली. तिच्या पाठोपाठ त्या शहरात आणखी नहरी झाल्या.

त्यांतली पाणचक्कीची नहर आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याला अठराव्या शतकात डोंगरातून नळाने पाणी आणले, ते भिंतीवर चढवून हौदात सोडले आणि त्या धारेवर पिठाची चक्की फिरविली. येणाऱ्या फकिरांचे, मुसाफिरांचे, तेथे शिकणाऱ्यांचे पीठ त्यावर दळले जाई. हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचे छत. वर पाणी, खाली उन्हाळ्यात गारवा. पाणी, अन्न, निवारा आणि तालीम या चार गोष्टी एका नळावर जोडण्याची ही कल्पना ज्यांना सुचली त्यांना मी मनोमन सलाम करतो.

विजापूरचे पुढे काय झाले? 12 सप्टेंबर 1686 रोजी औरंगजेबाने ते जिंकले. दोन वर्षांनी शहरात प्लेगची साथ आली. 1688 च्या अखेरीस बादशहाची छावणी तेथून हलली आणि मुक्कामाला आली ती आपल्या तालुक्यात, अकलूजला. छत्रपती संभाजी महाराज कैद झाल्याची वार्ता 1689 च्या आरंभी त्याला अकलूजच्या मुक्कामीच मिळाली. मोगल छावणी म्हणजे चालते शहर असे. बाजार, कारखाने, हत्तीखाने, हजारो माणसे आणि जनावरे. पाणी कोठून? नीरेतून. म्हणून तर नदीकाठ गाठावयाचा. पण ज्या शहराला पाणी नदीवर जाऊन प्यावे लागते त्याला नदीचा लहरीपणाही सोसावा लागतो. पुढे भीमेकाठी ब्रह्मपुरी येथे चार वर्षे हीच छावणी होती. 1697 च्या पावसाळ्यात रात्री भीमेला पूर आला आणि तंबूंसकट माणसे वाहून गेली. अकलूजला नदीकाठचा किल्ला उभा आहे. त्या तंबूंच्या शहराची मात्र एक वीटही नाही.

इकडे विजापुरात दरबार उठला, नळ साफ करणाऱ्यांचा पगार देणारा कोणी उरला नाही. मातीचा नळ वर्ष-दोन वर्षे दुर्लक्षिला की त्यात मुळे शिरतात, गाळ बसतो. एकोणिसाव्या शतकातील प्रवाशांना मोठमोठ्या इमारती आणि त्यांच्यामध्ये माजलेली झाडी दिसली. 1885 मध्ये इंग्रजांनी जिल्ह्याचे ठाणे कलादगीहून येथे आणले आणि जुन्या इमारतींत कचेऱ्या थाटल्या, तेव्हा कोठे शहराला पुन्हा जाग आली.

सोलापूरची हकीकत आपण जाणता, म्हणून थोडक्यात सांगतो. 1860 मध्ये रेल्वे आली, 1877 मध्ये जुनी मिल, आणि मागाच्या कामासाठी चहूकडून माणसे आली. आदिला नदीवरील एकरूखचा तलाव 1871 च्या सुमारास पुरा झाला. शेतीसाठी बांधलेल्या त्या तलावाचे पाणी पुढे शहरानेही घेतले. 1964 मध्ये महानगरपालिका झाली, 1980 मध्ये उजनी धरण पुरे झाले, आणि पुढे त्या धरणापासून शंभरावर किलोमीटर लांबीचा नळ टाकावा लागला. तरीही 2011 च्या जनगणनेत साडेनऊ लाखांवर गेलेल्या या शहराने वर्षानुवर्षे दिवसाआड नव्हे तर कित्येक दिवसांआड पाणी पाहिले. धरण जवळ असणे आणि नळाला पाणी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि आपला माळशिरस तालुका? त्याचे नशीब सव्वाशे किलोमीटरवरच्या डोंगरात लिहिले गेले. भोरजवळ भाटघरला जुन्या धरणाच्या जागी नवे मोठे धरण 1927 च्या सुमारास पुरे झाले आणि वीरहून निघणारा नीरेचा उजवा कालवा फलटणवरून आपल्याकडे आला. त्यापूर्वी हा तालुका ज्वारी-बाजरीचा आणि दुष्काळी कामांचा. कालव्यामागून ऊस आला, उसामागून 1930 च्या दशकात माळीनगर आणि श्रीपूरचे कारखाने आले, पुढे सहकारी कारखाने आले. कारखान्याभोवती चाळी, चाळींभोवती बाजार, बाजारामागे शाळा. माळीनगर हे तर नावापासून कालव्याचे अपत्य. सासवडकडचे माळी शेतकरी पाण्याच्या मागे येथे आले आणि त्यांनी गाव वसविले. मुसलमान कुटुंबांपैकीही कितीतरी जण गवंडी, लोहार, तांबोळी, बागवान, ट्रकचालक म्हणून याच ओघात या गावांत स्थिरावले. आपण आपले मूळ गाव विचारतो तेव्हा आजोबा कालव्यामुळे येथे आले, हे उत्तर बहुतेक घरांत सापडेल. विचारून पाहा.

आता अकलूजला 2021 पासून नगरपरिषद आहे, माळशिरसला नगरपंचायत आहे, तालुक्याची लोकसंख्या 2011 सालीच पावणेपाच लाखांवर गेली होती, आणि पालखी मार्ग रुंद झाल्यापासून रस्त्याकाठच्या जमिनीला भाव आला आहे. प्लॉट पडत आहेत, इमले उठत आहेत. आपल्यापैकी अनेकांनी आयुष्याची पुंजी एखाद्या गुंठ्यात घातली आहे. मीही घातली. घेताना मी दिशा पाहिली, रस्ता पाहिला, मशीद आणि शाळा किती लांब आहे ते पाहिले. सांडपाणी कोठे जाणार, हे विचारले नाही. विकणाऱ्यानेही सांगितले नाही. पहिल्या पावसाळ्यात ते दारातच उभे राहिले. विजापूरच्या नळांवर इतके वाचलेल्या माणसाची ही गत, तेव्हा कोणी मला हसले तर रागावणार नाही. घरात नळ आला की जेवढे पाणी आत येते तेवढेच बाहेर जावयास हवे. गावाच्या आराखड्यात त्याची जागा ठरली आहे की नाही, हे नगरपंचायतीत जाऊन पाहण्याचा आपल्याला हक्क आहे. विटा-वाळूचा भाव विचारण्याआधी तो नकाशा पाहावा.

त्या विद्यार्थ्याची आठवण राहिली. तो पुढे पाण्याच्या कामातच गेला. आजोबांचा धंदा नळांनी बुडविला आणि नातू नळच जोडू लागला, असे तो हसत सांगतो. आजोबांची पखाल घरी जपून ठेवली आहे. चामडे कडक झाले आहे, पाणी धरीत नाही. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी त्याला फार उशिरा दिले. ते ऐकून त्याने दुसरा प्रश्न विचारला : "त्या बोगद्यात उतरून गाळ कोण काढीत होते, सर?" मलिक संदल या शिल्पकाराचे नाव इब्राहिम रोजाच्या शिलालेखात आहे. गाळ काढणाऱ्यांची नावे कोठे कोरलेली नाहीत.

यंदा मुलांची सहल विजापूरला निघालीच तर शिक्षकांना एक सुचवितो. गोल घुमटाला दुपारी न्या. सकाळी मुले ताजी असताना आधी ताज बावडी, मग वाटेतला एखादा गंज, आणि वेळ असेल तर तोरवी दाखवा. गंजाच्या भिंतीत नळांच्या खोबणी दिसतात का ते मुलांना शोधू द्या. तोरवीकडे जाताना पाणी मात्र शहरातूनच भरून घ्या.